एवढा मोठा ट्रक खरंच लागतो का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एक्सपिडिशन ट्रकवर लेख आला होता, म्हणजे ट्रकच्या चॅसीवर राहायचा डबा बसवायचा आणि वाळवंट असो बर्फ असो, महिनोन्महिने त्यातच राहायचं अशा गाड्या, आणि तेव्हापासून मेलबॉक्स नुसता भरून वाहतोय. सगळे प्रश्न घेता येणार नाहीत. एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि "आत पडदे कुठल्या रंगाचे शोभतील" वाले सरळ बाजूला ठेवलेत, राग मानू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी, दोन वर्षं जग फिरायचा प्लॅन आहे. माझं मन युनिमॉगवर (मर्सिडीजचा उंच ऑफरोड ट्रक) बसलंय. बायको म्हणते लहान गाडी पुरे. आमचं भांडण मिटवा.

भांडण मिटवायला मी बसलेली नाही, पण गाडी ठरवायच्या आधी कागद पेन घेऊन वजन लिहून काढा एवढं नक्की सांगेन, कारण या सगळ्या खेळात रंग, हॉर्सपॉवर, ब्रँड हे नंतर, आधी किलो. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो. ३०० लिटर डिझेल म्हणजे २५० च्या आसपास. तुम्ही तिघं आणि तुमचे कपडे मिळून २०० धरा. म्हणजे बेड, कपाट, फ्रिज, बॅटऱ्या, हत्यारं, स्टेपनी यातलं काहीच अजून चढवलं नाहीये आणि पाऊण टन संपला. आणि मोठ्या ट्रकची स्टेपनी हे काय प्रकरण आहे ते एकदा हात लावून बघा, १४.०० आर २० साइजचं चाक रिमसकट शंभर किलोच्या बरंच वर जातं, ते उचलायला वेगळी छोटी क्रेन किंवा विंच (दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवावी लागते, मग त्या क्रेनचं वजन. असं ते वाढतच जातं.

आता लायसन्स. युरोपात ढोबळ हिशोब असा की साध्या बी लायसन्सवर ३.५ टन, सी१ वर ७.५ टन, आणि त्यापुढे पूर्ण सी, म्हणजे ट्रक ड्रायव्हरचंच (नियम अधूनमधून बदलतात, नवीन काय आहे ते बघून घ्या). ३.५ टनात तिघांचं घर बसवणं म्हणजे रोज किलो किलोचा जाच आहे. म्हणून माझं मत विचाराल तर ७.५ टनाच्या आत राहा. इव्हेको डेली फोर बाय फोर, फुसो कँटर फोर बाय फोर, या गाड्या दिसायला युनिमॉगसारख्या रुबाबदार नसतील, पण गावातल्या गल्लीत वळतात, कमजोर लाकडी पुलावर गेलं तरी छातीत धडधड होत नाही.

युनिमॉग वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां. त्याचे पोर्टल एक्सल म्हणजे एक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर, हबमध्ये गिअर बसवलेले, त्यामुळे खाली जागाच जागा, मोठे दगड पोटाला लागत नाहीत, आणि हल्लीचा जो हाय मोबिलिटी वाला येतो तो साधारण १.२ मीटर पाण्यातून जायला मिळतो. पण ही गाडी मुळात कामासाठी बनलेली, शेत, जंगल, बर्फ, आर्मी. केबिन अरुंद, आवाज भरपूर, हायवेला स्पीड बेताचा. तुमची मुलगी त्यात दिवसाला सहा सहा तास बसणार आहे. आणि जगप्रवासातले बहुतेक किलोमीटर हे डांबरावर आणि खडीवरच होतात, चिखलात खोल घुसायची वेळ क्वचित येते, आणि आली तर शहाणा माणूस मागे वळतो.

एक उदाहरण देते. गुंथर होल्टॉर्फ नावाचे जर्मन गृहस्थ, १९८८ ची मर्सिडीज जी वॅगन, ३०० जीडी, तिचं नाव ओट्टो. १९८९ ला निघाले आणि २०१४ पर्यंत जवळपास ९ लाख किलोमीटर फिरले, झोपायला मागे गादी. ती गाडी आता स्टुटगार्टच्या मर्सिडीज म्युझियममध्ये उभी आहे. स्विस जोडपं एमिल आणि लिलियाना श्मिड, ते १९८४ ला टोयोटा लँड क्रूझर घेऊन निघाले आणि कित्येक दशकं फिरले. म्हणजे सगळ्यात जास्त फिरलेल्या माणसांनी बारा टनाचा ट्रक घेतलेला नाही. तिघं असाल, एक मूल असेल, पावसात आत अभ्यास करायचा असेल तर गादीवर नाही भागणार हे मान्य, म्हणून मधलं काहीतरी. तुमची बायको पूर्ण बरोबर नाही, पण तुमच्यापेक्षा जास्त बरोबर आहे.

प्रश्न: जुना आर्मी ट्रक मिळतोय आणि एक तयार डबापण. चार कोपऱ्यात यू बोल्टने घट्ट आवळला की झालं ना? वेल्डर म्हणतो होतंय.

वेल्डरला सांगा थांब.

ट्रकची चॅसी म्हणजे दोन लांब गर्डर आणि मध्ये आडवे तुकडे, आणि ती मुद्दाम पिळली जावी अशीच बनवलेली असते. एक पुढचं चाक दगडावर चढलं आणि तिरकं समोरचं मागचं चाक खड्ड्यात गेलं की पाटे जेवढं घेता येईल तेवढं घेतात आणि उरलेलं चॅसी पिळून घेते, त्यामुळे चारही चाकं जमिनीला धरून राहतात. रेती वाहणाऱ्या ट्रकला हे चालतं, त्याची बॉडी पण थोडी पिळते. पण तुमचा डबा कसला असतो? फायबरग्लासच्या दोन पातळ शीट आणि मध्ये पॉलियुरेथेनचा फोम, भिंत ४ ते ६ सेंटिमीटर, सगळं चिकटवून एक कडक खोकं. काडेपेटीचं बाहेरचं खोकं दोन्ही हातांनी पिळून बघा, कोपरे कसे फाटतात. तसंच होतं, फक्त लगेच होत नाही म्हणून लोकांना वाटतं की आपलं जमलं. आधी दार अडकायला लागतं, मग खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी, मग कोपऱ्याच्या पट्टीला केसाएवढी भेग, आणि एकदा फोममध्ये पाणी शिरलं की डबा आतून कुजायला लागतो, वरून काही दिसत नाही.

म्हणून मध्ये सबफ्रेम लागते, आणि ती चॅसीला अशी जोडायची की खाली चॅसी पिळली तरी वरचा डबा सरळ राहील. पद्धती मुख्य तीन. एक तीन पॉइंटवाली, दोन बाजूंना फिक्स आणि तिसरा मधोमध फिरता. दुसरी चार पॉइंटची, ज्याला डायमंड म्हणतात, पुढे मधोमध एक आणि मागे मधोमध एक फिरता, आणि गाडीच्या मध्यावर डावी उजवीकडे दोन फिक्स. तिसरी स्प्रिंगवाली, मागे पक्कं आणि पुढच्या भागात मजबूत स्प्रिंग घातलेले बोल्ट, म्हणजे एक बाजू थोडी उचलली जाते आणि परत बसते. कुठली घ्यायची हे चॅसी किती पिळते त्यावर. युनिमॉग खूप पिळतो, त्याला स्प्रिंगवर भागत नाही, तीन किंवा चार पॉइंट पाहिजे. रस्त्यावरच्या ट्रकची कडक चॅसी असेल तर स्प्रिंगवालं पुरतं, सोपं आहे, आणि वजनही चॅसीवर सगळीकडे नीट पसरतं. तीन पॉइंटमध्ये सगळा भार मोजक्याच जागी येतो हे बरेच लोक विसरतात, तिथे चॅसीला आतून आधार दिलाय का ते बघायचं. टाट्रा या चेक ट्रकची गोष्टच वेगळी, त्याला मधून एक जाडजूड नळी असते कण्यासारखी, ती पिळतच नाही फारशी, त्यामुळे हा अख्खा त्रास कमी.

दोन गोष्टी अजून. चॅसीच्या गर्डरच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका, तिथेच सगळ्यात जास्त ताण असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. भोकं उभ्या बाजूला, आणि तीही ट्रक कंपनी बॉडी बनवणाऱ्यांसाठी जे गाइड काढते त्यात दिलेल्या जागी. आणि केबिनमधून डब्यात जायला आतून वाट पाहिजे असेल तर मध्ये रबराचा भाता लागतो, कारण केबिन वेगळी हलते आणि डबा वेगळा, दोन्ही सरळ जोडलं तर पहिल्याच खराब रस्त्यावर फाटेल.

काम झाल्यावर टेस्ट सोपी आहे. एक पुढचं चाक आणि तिरकं मागचं चाक उंच ठोकळ्यांवर चढवा, आत जाऊन दार खिडक्या उघडा, बंद करा. नेहमीसारखी लागली तर पैसे द्या.

प्रश्न: सिक्स बाय सिक्स (तीन एक्सल, सगळ्यांना इंजिनची ताकद) घेतला तर अडकणार नाही असं मित्र म्हणतो, खरं का?

अडकतो, फक्त जास्त आत जाऊन अडकतो. दोन मागचे एक्सल म्हणजे जास्त वजन उचलता येतं, त्याचा फायदा तोच. लांबी वाढते, वळायला जागा जास्त लागते, डिझेल जास्त, घाटात सारखं वळायचं असेल तर टायर घासून जातात. डब्यात मोटरसायकल, वर्कशॉप, सहा माणसं असं काही असेल तरच विचार करा.

प्रश्न: वाळूत हवा किती कमी करायची? कोणी १ बार म्हणतं कोणी ३ बार, डोकं फिरलंय.

दोघंही बरोबर असतील, त्यांच्या त्यांच्या गाडीसाठी. लँड क्रूझरच्या एका चाकावर पाऊण टन ते एक टन येतो, बारा टनाच्या ट्रकच्या मागच्या एकेका चाकावर साडेतीन टन येऊ शकतो, मग एकच आकडा दोघांना कसा लागू होईल. तुम्ही असं करा, गाडी पूर्ण भरून, पाणी डिझेल माणसांसकट, काट्यावर न्या आणि एकेका एक्सलचं वेगळं वजन घ्या, जमलं तर एकेका चाकाचं. मग टायर कंपनीकडे त्या साइजचा तक्ता असतो, एवढ्या लोडला एवढ्या स्पीडला एवढी हवा, त्यात रस्ता, खडी, वाळू वेगवेगळं दिलेलं असतं. मिशेलिनचं एक्सझेडएल घ्या किंवा दुसरं कुठलं, ऑफरोड ट्रक टायरला असा तक्ता मिळतोच. बहुतेक वेळा वाळूचा आकडा हायवेच्या अर्ध्याच्या आसपास येतो. हवा कमी केली की टायर लांबीला पसरतो, जमिनीला लागणारी जागा वाढते आणि गाडी वाळू खणण्याऐवजी वरून चालते. पण बाजूची भिंत जास्त वाकते, तापते, म्हणून त्या हवेवर स्पीड एकदम कमी ठेवायचा आणि डांबर लागलं की आधी हवा भरायची, मग कितीही घाई असू दे.

सगळ्यात महत्त्वाचं, हवा अडकायच्या आधी काढायची. लोक गाडी एक्सलपर्यंत पुरतात आणि मग आठवण होते. चाक एकाच जागी फिरायला लागलं की पाय काढा, ॲक्सिलरेटर दाबून काही होत नाही, खड्डा तेवढा खोल होतो. उतरा, फावडं घ्या, हवा काढा, चाकाखाली फळ्या घाला. कारसाठीच्या प्लास्टिकच्या फळ्या बारा टनाखाली मोडतात, ट्रकसाठी ॲल्युमिनियमच्या किंवा जाड जीआरपीच्या (फायबरग्लासच्या) वेगळ्या मिळतात. विंच साधारण गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीचा असावा म्हणतात, म्हणजे बारा टनाला अठरा, एवढा विंच म्हणजे स्वतःच एक ओझं, त्यामुळे बरेच जण लहान विंच आणि पुली घेतात, पुली लावली की ओढ साधारण दुप्पट होते. आणि काहीही झालं तरी दोरी ट्रेलरच्या गोळ्याला अडकवायची नाही. तो गोळा तुटून गोळीसारखा येतो, माणसं मेलीत त्याने.

मागे जोडचाकं असतील तर काढून सिंगल मोठी करता येतात का बघा, त्याला सुपर सिंगल म्हणतात. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकतो आणि दोन्ही टायर खातो, आणि वाळूत पुढच्या चाकांनी केलेल्या वाटेतून मागची जात नाहीत, स्वतःची नवीन वाट खणत बसतात.

एका वाचकाने जुन्या रिंगवाल्या रिमबद्दल विचारलंय, ज्यात वेगळी लोखंडी रिंग असते. रस्त्याच्या कडेला टायर बदलायला त्या सोप्या, पण हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर उडते. समोर उभं राहायचं नाही, लांब पाइप लावायचा, आणि पिंजरा किंवा निदान साखळी बांधूनच भरायची. मस्करी नाही.

प्रश्न: नवीन युरो ६ (युरोपचा प्रदूषणाचा नॉर्म) ट्रक घेऊ की जुना? नवीन घेतला तर खराब डिझेलवर बंद पडतो म्हणतात.

पडू शकतो. युरोपातलं डिझेल म्हणजे सल्फर १० पीपीएमच्या (दहा लाखात १० भाग) आत, अमेरिकेत १५, नवीन इंजिनांचा फिल्टर आणि कॅटॅलिस्ट त्यावरच बेतलेला. जगात अजून बऱ्याच ठिकाणी सल्फर शेकड्यात आहे, काही ठिकाणी हजारात. एखादी टाकी भरली म्हणून लगेच काही होत नाही, पण महिनाभर तेच पाजलंत तर फिल्टर चोंदतो, सेन्सर ओरडायला लागतात आणि इंजिन स्वतःच ताकद कमी करतं, तेही नेमकं जिथे लॅपटॉप लावून बघणारा माणूस शेकडो किलोमीटरच्या आत नसतो तिथे. वर ॲडब्लू, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी, डिझेलच्या साधारण ५ टक्के लागतं, उणे ११ अंशाला गोठतं, उन्हात जास्त दिवस ठेवलं तर बिघडतं.

त्यामुळे आफ्रिका, मध्य आशिया, बोलिव्हिया असं डोक्यात असेल तर युरो ३ च्या आसपासचं इंजिन सगळ्यात निवांत, हे ओव्हरलँड करणारे बहुतेक सांगतील. पण मग जर्मनीतल्या बऱ्याच शहरांच्या मध्यभागी जुन्या डिझेलला बंदी आहे, तिथे गाडी बाहेर लावून ट्राम पकडायची. काही कंपन्या युरोपाबाहेर विकायला जुन्या नॉर्मचे इंजिन बनवतात पण ते प्रत्येकाला रजिस्टर करता येत नाहीत. कुठलंही घ्या, पाणी वेगळं करणारा जास्तीचा फिल्टर मात्र बसवाच, आणि दोन टाक्या असतील तर एका वेळी दोन्ही एकाच पंपावर भरू नका. एकीत घाण आली तर दुसरी तरी शाबूत.

प्रश्न: गॅस नको, सगळं इलेक्ट्रिक करायचंय, इंडक्शन, एसी, वॉशिंग मशीन. सोलर किती लागेल?

गॅस नको हे मला पटतं, प्रत्येक देशात सिलिंडरचा नळ वेगळा, भरून मिळेलच असं नाही, आणि ब्युटेन असेल तर थंडीत शून्याच्या जवळ गॅसच होत नाही, प्रोपेन लागतो. पण एसी ऐकून मी जरा थांबले.

साधा हिशोब करू. फ्रिज दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट खातो. दोघांचा स्वयंपाक इंडक्शनवर एक ते दीड युनिट. लाइट, पंप, लॅपटॉप मिळून अर्धा. म्हणजे तीन युनिटच्या आत दिवस निघतो. छतावर १००० वॉटचे पॅनल सपाट टाकले तर उन्हाळ्यात चांगल्या दिवशी तीन ते पाच युनिट मिळतात, उत्तरेकडच्या हिवाळ्यात एकसुद्धा मिळत नाही. आता एसी रात्रभर चालवला की तो एकटाच पाच युनिट घेऊन जातो. म्हणजे फक्त एसीसाठी बॅटरी दुप्पट, सोलर दुप्पट, इन्व्हर्टर मोठा. त्यापेक्षा भिंती जाड करा, खिडक्यांना बाहेरून सावली द्या, छतात दोन फॅन बसवा, आणि फारच गरम झालं तर गाडीला चाकं आहेत, हजार मीटर वर जा, सहा-सात अंश कमी होतात.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या. १० युनिटची बँक शंभर किलोच्या आसपास बसते, तेवढंच वापरायला शिशाच्या बॅटरीत मिळवायचं तर पाचशे-सहाशे किलो होतात कारण त्या अर्ध्याच्या खाली उतरवायच्या नसतात. फक्त लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायचं नाही, सेल कायमचे खराब होतात, म्हणून बॅटऱ्या डब्याच्या आत उबेत ठेवायच्या, बाहेरच्या पेटीत नाही. आणि ट्रक २४ व्होल्टचा असतो तर डबाही २४ वरच करा, तेवढ्याच वॉटला करंट निम्मा, वायर बारीक. वॉशिंग मशीनला पाणी लागतं, विजेपेक्षा ते बघा आधी.

प्रश्न: चार हजार मीटरवर आमच्या ओळखीच्यांचा डिझेल हीटर रात्री बंद पडला. असं का होतं?

हवा पातळ. हीटर समुद्रसपाटीच्या हिशोबाने डिझेल सोडत राहतो, ऑक्सिजन कमी, मग अर्धवट जळतं, काजळी धरते आणि दोन-चार रात्रीत बर्नर चोंदून बंद. वेबास्टो, एबरश्पेशर या दोन्ही हीटर कंपन्यांचे उंचीसाठीचे किट किंवा स्वतःच हवेचा दाब ओळखणारे मॉडेल येतात, ताजिकिस्तानातला पामीर हायवे (तिथली अक बैताल खिंड ४६५५ मीटर) किंवा बोलिव्हियाचं उयुनी (३६५० च्या पुढे) करायचं असेल तर ते घेतल्याशिवाय जाऊ नका. खाली उतरल्यावर हीटर तासभर फुल चालवा, काजळी जळून जाते. त्या उंचीवर बाहेर उणे २० असू शकतं त्यामुळे पाण्याची टाकी, पाइप, पंप सगळं इन्सुलेशनच्या आत पाहिजे, चॅसीखाली लटकवलेली टाकी पहिल्या रात्रीच फुटते. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, उशीच्या उंचीवर, दोन असले तरी चालतील.

प्रश्न: काकू, ट्रक उलटेल अशी फार भीती वाटते. किती तिरका चालतो?

कागदावर सोपं आहे. चाकांमधलं अंतर दोन मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य दीड मीटर उंच असेल तर साधारण ३४ अंशाला उलटेल असं गणित सांगतं. पण पाटे एका बाजूला दबतात, टायर दबतो, अर्धी भरलेली टाकी हेलकावते, एखादा दगड वरच्या चाकाखाली येतो, आणि तो आकडा झपाट्याने खाली येतो. त्यामुळे छतावर सोलर सोडून काही ठेवू नका. स्टेपनी, मोटरसायकल, ट्रंका, सगळं खाली. पाण्याची टाकी एक्सलच्या मध्ये आणि शक्य तेवढी खाली, आत आडवे पडदे असलेली. आणि भीती वाटते ते चांगलंय, उतरून पायी चालून या, मग गाडी घाला. भीती न वाटणाऱ्यांबद्दलच मला काळजी वाटते.

प्रश्न: अलास्का ते उशुआइया (अर्जेंटिनाचं दक्षिण टोक) पूर्ण रस्त्याने जाता येतं ना? ट्रक ३.७ मीटर उंच आहे.

नाही येत. पनामाचं यावीसा आणि कोलंबियाच्या बाजूचा रस्ता यांच्यामध्ये साधारण १०० किलोमीटर रस्ताच नाही, त्याला दारिएन गॅप म्हणतात, दलदल आणि जंगल. गाडी जहाजाने जाते. इथे तुमची उंची आड येते, कारण मोठ्या हाय क्यूब कंटेनरचं दार जेमतेम २.५८ मीटर उंच असतं, छत उघडणारी लँड क्रूझर आत जाते आणि कुलूप लावून तुम्ही विमानाने जाता. ३.७ मीटरचा ट्रक रोरो जहाजात, म्हणजे चालवत आत न्यायचा, चावी त्यांच्याकडे द्यायची आणि देवाचं नाव घ्यायचं, कारण आतलं सामान गायब होणं हे त्यात नवीन नाही. म्हणून डबा आणि केबिनमधली वाट पक्की बंद करता आली पाहिजे, आणि बाहेरच्या पेट्यांना चांगली कुलपं. काही डच आणि जर्मन बिल्डर डबाच कंटेनरच्या कोपऱ्यांसारखा बनवतात, म्हणजे तो चॅसीवरून काढून कंटेनरसारखाच जहाजावर चढतो, ब्लिस मोबिल ही डच कंपनी त्यासाठी ओळखली जाते. हुशार आहे पण त्या कोपऱ्यांचं लोखंड वजनात येतंच.

कागदपत्रांचं थोडक्यात. दक्षिण अमेरिकेत बॉर्डरवर तात्पुरत्या आयातीचा कागद मिळतो, तो सांभाळा, मुदत चुकवू नका. इजिप्त, इराण, पाकिस्तान, भारत अशा ठिकाणी कार्ने लागतं, ती गाडीसाठीची हमी असते, भरपूर पैसे अडकतात आणि प्रत्येक बॉर्डरवर आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा दोन्ही शिक्के लागतात, एक राहिला तर हमीचे पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात. चीनमध्ये तिथला तात्पुरता नंबर, तिथलं लायसन्स आणि सोबत गाइड. ऑस्ट्रेलियात चाकाच्या आत चिकटलेला वाळका चिखल किंवा एखादं बी सापडलं तरी गाडी परत धुवायला पाठवतात, तुमच्या खर्चाने.

प्रश्न: टॉयलेट कुठलं? (हा प्रश्न बाकी कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतेय.)

बरं केलंत, मनात सगळ्यांच्याच असतो. कॅसेटवालं म्हणजे वीस लिटरच्या आसपास डबा, दोघांना दोन-तीन दिवस, मग रिकामं करायला जागा शोधा, आणि ती सोय युरोप उत्तर अमेरिका सोडली तर फारशी नाही, वर केमिकल. लांब जायचं तर कोरडं टॉयलेट घ्या, ज्यात लघवी वेगळी आणि बाकीचं वेगळं जमा होतं. वास येतो तो मुख्यतः दोन्ही एकत्र झाल्यावर, वेगळं ठेवलं आणि छोटा फॅन बाहेर काढला की येत नाही. पाणी शून्य लागतं, ही सगळ्यात मोठी गोष्ट, वाळवंटात एक फ्लश म्हणजे प्यायचं पाणी ओतून देणं. पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं, तेवढं लाजायचं नाही.

प्रश्न: हे सगळं कोट्यधीशांचे लाड आहेत. अर्थरोमर, युनिकॅट, ॲक्शन मोबिल या कंपन्यांच्या गाड्यांच्या किमतीत घर येतं. आमच्यासारख्यांनी नुसते फोटो बघायचे का?

राग समजतो, आणि अर्धा मान्य आहे. त्या गाड्या सुंदर बनतात, काम अस्सल असतं, पण त्यातल्या किती जणी खरंच वाळू बघतात देव जाणे.

दुसरा रस्ता आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये फायर ब्रिगेड आपले जुने ट्रक लिलावात काढते. मर्सिडीजचे ९११ आणि त्याचे भाऊबंद, मागिरुस डॉइट्झचे हवेने थंड होणारे इंजिनवाले, फोर बाय फोर. कित्येक दशकं जुने आणि किलोमीटर मात्र अगदी कमी, कारण ते कायम छपराखाली उभे, अधूनमधून बाहेर काढले, परत उभे. इंजिन साधं, सगळं मेकॅनिकल, कुठल्याही खेड्यातला मिस्त्री उघडून बघू शकतो. डबा हळूहळू स्वतः बनवणारे खूप आहेत, तयार पॅनल, कोपऱ्याच्या पट्ट्या, दार, खिडक्या असा किट मिळतो. स्पीड ८० च्या आसपास, आवाज भरपूर, घाई असेल तर हा तुमचा रस्ता नाही.

कमी किलोमीटर बघून भुलू नका एवढंच. उभ्या गाडीचं रबर जातं, ब्रेकचे होस, सील, डिझेलचे पाइप, टाकीत आतून गंज, हे सगळं बदलायचा खर्च आधीच बाजूला ठेवा. अग्निशमनच्या गाड्यांचा टॉप स्पीड आणि गिअर गावात पळायच्या हिशोबाने असतो, एक्सलचा रेशो विचारून घ्या. आणि बघायला गेलात की नक्षी किती उरलीय ते सोडा, आधी टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तिथे चार ऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, सहा टायरचे पैसे किमतीतून कापून मगच बोलायला बसा.